पुन्हां गळाची दांडी हातीं घेतांना

कृष्णेच्या कांठीं राहणाऱ्या माणसाला गळ म्हणजे काय हें सांगावयास नको. वेळूची काठी, तंगुसाची दोरी, मोराच्या पिसाचें बूच आणि आंकड्याला लावलेलें गांडूळ एवढें साहित्य घेऊन सातारा-सांगलीकडचीं मुलें पिढ्यान्‌पिढ्या नदीवर बसत आलीं आहेत. परंतु गळाचा आणखी एक प्रकार आहे. त्यांत गांडूळ नाहीं, शिसें नाहीं आणि बूचही नाहीं. पिसें व दोरा यांची केलेली एक खोटी माशी पाण्यावर अलगद सोडावयाची आणि मासा ती खरी समजून उचलतो कीं नाहीं हें पाहावयाचें, असा हा खेळ आहे.

त्याची ओळख करून देणें हा आजच्या भाषणाचा अर्धा हेतु. उरलेला अर्धा असा कीं, दीर्घ आजारानंतर हा किंवा यासारखा एखादा छंद पुन्हां कसा सुरू करावा, याविषयीं स्वानुभवाचे चार शब्द सांगावे. २०१८ च्या जुलै महिन्यांत माझ्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली. तीन महिन्यांनीं डॉक्टरांनीं मला पूर्वींचे व्यवहार करण्यास परवानगी दिली. नदीवर जाण्यास मात्र मला साडेपांच वर्षें लागलीं. हा मधला काळ सगळाच कांहीं आजाराचा नव्हता. तो कशाचा होता, तें पुढें सांगतों.

प्रथम या गळाचें शास्त्र पाहूं. साध्या गळांत जड असतें तें शिसें. तें फेकलें कीं हलकी दोरी त्याच्यामागून ओढली जाते. शेतकऱ्याच्या गोफणीचा न्याय हाच. वजन सारें धोंड्यांत. खोट्या माशीला वजन असें नसतेंच; ती चिमटींत धरून फेकली तर पायापाशींच पडेल. म्हणून येथें व्यवस्था उलट केलेली असते. वजन दोरींतच ठेवलेलें असतें. मध्यम जातीच्या दोरीचे पहिले ३० फूट सुमारें ९ ग्रॅम भरतात. ही दोरी टोकाकडे निमुळती होत जाते आणि तिच्या शेवटीं पांचसहा हात लांबीचा बारीक, पारदर्शक तंगूस बांधलेला असतो. माणूस फेकतो ती दोरी. माशी केवळ तिच्या मागोमाग जाते. गाडीवानाच्या आसुडाची येथें आठवण व्हावी. आसूड उडवितांना हात थोडाच हलतो, पण मुठीपासून निघालेली लाट वादीच्या टोकापर्यंत पोंचते.

दोरी पुढें टाकण्यापूर्वीं ती मागें टाकावी लागते. दांडी डोक्यावर सरळ उभी धरली म्हणजे घड्याळांत बारा वाजले असें समजा. समोर दहाच्या आंकड्यापासून पाठीमागें एकच्या आंकड्यापर्यंत दांडी झटक्यानें न्यावयाची आणि तेथें थांबावयाचें. पाठीमागें दोरी उलगडून सरळ झाली म्हणजे मगच ती पुढें आणावयाची. घाई केली तर चाबकासारखा फटका बसून माशी तुटते. उशीर केला तर दोरी मागच्या गवतांत पडते. नवशिक्याचे बहुतेक दोष या एका थांबण्यांत असतात. शक्तीचें काम फार थोडें. नऊ फुटी दांडीचें वजन आजकाल सुमारें १०० ग्रॅम असतें. एखादें मोसंबें याहून जड भरेल. पूर्वीं ती चिरलेल्या बांबूच्या पट्ट्या जोडून करीत. दुसऱ्या महायुद्धानंतर कांचतंतूची आणि १९७० च्या दशकांत कार्बनतंतूची दांडी आली.

ही युक्ति आजकालची नव्हे. इ. स. २०० च्या सुमारास एलियन नांवाच्या रोमन लेखकानें मॅसिडोनियांतील लोक आंकड्याला तांबडी लोकर व कोंबड्याचीं दोन पिसें बांधून मासे धरतात, असें लिहून ठेविलें आहे. आपल्याकडे माशीचा गळ साहेबाबरोबर आला. १८७३ सालीं हेन्री सलिव्हन टॉमस या मद्रासकडील सनदी अधिकाऱ्यानें ‘द रॉड इन इंडिया’ हा ग्रंथ लिहिला आणि आपल्या महसीर माशाला खेळाच्या दृष्टीनें विलायतेंतील सामन माशाच्याही वर बसविलें. मात्र गळाचा विनोद आपल्याकडे त्याहून पुष्कळ जुना आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें सुमारें ११३० सालीं रचलेल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथांत मत्स्यविनोद नांवाचें प्रकरणच आहे. माशांच्या जाति, त्यांना घालावयाचे चारे, गळाचें साहित्य यांचें वर्णन त्यांत येतें. राजानें मन रमविण्यासाठीं जे विनोद करावे, त्यांत त्यानें नदीकांठच्या या बैठकीलाही जागा दिली.

आतां आपल्या नद्यांकडे वळूं. कृष्णा महाबळेश्वरीं उगम पावून वाईवरून येते. माहुलीस वेण्णा, कऱ्हाडास कोयना आणि सांगलीजवळ हरिपुरास वारणा तिला मिळते. माशी टाकण्यास वरच्या अंगाचें उथळ, खळाळतें व स्वच्छ पाणी उत्तम. कारण माशी उचलणारा मासा नजरेनें शिकार करतो. त्या पाण्याचा राजा म्हणजे खडस, आपला दख्खनी महसीर. कर्नल साइक्स यानें १८३९ सालीं पुण्याकडील मुळामुठेच्या नमुन्यावरून त्याचें शास्त्रीय वर्णन केलें आणि नांव ठेविलें ‘खुद्री’. दख्खनच्या इतर माशांनाही त्यानें ‘कोळूस’, ‘नुक्ता’, ‘पोटेल’ अशीं येथल्याच बोलींतलीं नांवें दिलीं, आणि तीं जगभरच्या मत्स्यशास्त्राच्या ग्रंथांत आजही नांदत आहेत.

खडस पावसाळ्यांत अंडीं घालण्यास प्रवाहाविरुद्ध वर चढतो. ठिकठिकाणीं धरणें झालीं आणि त्याची ही वाट अडली. लोणावळ्यानजीक वळवण येथें टाटांच्या वीज कंपनीनें १९७० च्या दशकापासून महसिराची कृत्रिम पैदास चालविली, ती याच चिंतेंतून. सांगलीकडच्या संथ पाण्यांत चिलापी फार. हा आफ्रिकेंतला मासा; १९५२ सालीं तो भारतांत आणला गेला. खडसाचा डौल त्याला नाहीं, पण खोटी माशी तो बऱ्यापैकीं उचलतो. मोडलेला सराव पुन्हां जुळविणाऱ्याला तो बरा गुरु आहे.

आतां माझी हकीकत. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मनुष्य. नोकरी वाई तालुक्यांत, प्राथमिक शाळेवर. तेथें एका निवृत्त सुभेदारांनीं मला हा गळ शिकविला. कोंबडीचीं पिसें व शिवणाचा दोरा घेऊन माशा बांधावयासही त्यांनींच शिकविलें. धोमच्या जलाशयाच्या वरच्या अंगाला आमचे कित्येक रविवार गेले. निवृत्तीनंतर मी सांगलीस मुलाकडे राहावयास आलों आणि थोड्याच दिवसांत छातीचें दुखणें उद्भवलें. शस्त्रक्रियेंत छातीचें मधलें हाड कापून पुन्हां तारेनें बांधतात. तें सांधेपर्यंत, म्हणजे साधारण तीन महिने, जड उचलावयाचें नाहीं, हात झटकावयाचे नाहींत. तें पथ्य मीं पाळलें. पुढें २०१९ च्या ऑगस्टांत महापूर आला. आयर्विन पुलापाशीं पाणी ५७ फुटांवर गेलें. आम्हांला नावेंतून बाहेर काढावें लागलें. घरांतली पुस्तकें गेलीं. दांडी माळ्यावर होती म्हणून वांचली. परत आल्यावर मीं ती पाहिली आणि तशीच ठेवून दिली.

त्यानंतर कोणी विचारलें कीं मी ‘प्रकृति बरी नसते’ असें सांगत असें. खरी गोष्ट अशी कीं प्रकृति बरी होती. मी रोज दोन मैल चालत होतों, जिना चढत होतों. पण छातींत जरा धडधडलें कीं मी मटकन् खालीं बसें. एकट्यानें नदीवर असतांना कांहीं झालें तर, हा विचार मनांत घर करून राहिला होता. आजारानें माझे तीन महिने घेतले. बाकीचीं पांच वर्षें भीतीनें घेतलीं. हें कबूल करण्यास मला संकोच वाटत असे, आणि माझ्यासारखे पुष्कळ असतील असें वाटतें, म्हणूनच आज हें उघडपणें सांगत आहें.

मग २०२३ चा मार्च महिना आला. सांगलीजवळ कृष्णेंत दूषित पाण्यानें मासे मेले. कांठाला त्यांचा खच पडला. मी पाहावयास गेलों. आपण केव्हांही गेलों तरी नदी आपली वाट पाहत असेल, असें मी इतकीं वर्षें धरून चाललों होतों. त्या दिवशीं तो समज गेला. मीं घरीं येऊन माळ्यावरून दांडी काढली.

मात्र लगेच नदीवर गेलों नाहीं, आणि कोणीं जाऊंही नये. माझा क्रम असा होता. प्रथम डॉक्टरांस दांडी दाखविली व हात कसा हलवावा लागतो तें करून दाखविलें. प्रत्येकाचें दुखणें वेगळें, तेव्हां हा सल्ला ज्याचा त्यानेंच घ्यावा. पुढें महिनाभर अंगणांत, माशी न बांधतां, केवळ दोरीच्या टोकाला लोकरीचा तुकडा लावून सराव केला. पहिल्या आठवड्यांत दररोज दहा मिनिटें, मग पंधरा. आंखडलेला खांदा जोर केल्यानें सुटत नाहीं. कोपर अंगाशीं ठेवून हात हलविला तर खांद्यावर ताण कमी येतो. आमचा नातू पायरीवर बसून मोजीत असे, “आजोबा, घाई झाली,” “आजोबा, उशीर झाला.” चाळीस वर्षें मुलांच्या चुका काढणाऱ्या माणसाला हें ऐकून घेणेंही औषधासारखेंच होतें.

कांहीं सावधगिऱ्या सांगतों. रक्त पातळ राहण्याची गोळी चालू असेल तर आंकड्याची लहानशी जखमही जास्त वाहते. म्हणून आंकड्याच्या टोकामागचा उलटा कांटा पक्कडीनें दाबून टाकावा. यानें माशालाही इजा कमी होते. डोळ्यांवर चष्मा असावा. पाठीमागून येणारी माशी दिसत नाहीं. मधुमेह असेल तर अनवाणी पाण्यांत उतरूं नये. बधिर पायाला कांच लागली तरी कळत नाहीं. धरणाचें पाणी सोडलें कीं पात्र पाहतां पाहतां चढतें, तेव्हां त्याची चौकशी करूनच निघावें. पावसाळ्यांत, चढणीच्या दिवसांत, गळ घरींच ठेवावा. देवळापाशीं व घाटावर गळ टाकूं नये, आणि जेथें मासेमारीचा ठेका असेल तेथें आधीं विचारावें.

घरच्या अटी निराळ्याच होत्या. सौ. म्हणाली, “अहो, जायचं तर जा. पण एकटे जायचं नाही, फोन खिशात ठेवायचा, आणि जिभेखालची गोळी शर्टाच्या खिशात, पिशवीत नाही.” या तीन अटी वैद्यकाच्या दृष्टीनेंही निर्दोष आहेत असें डॉक्टरांनीं सांगितलें.

२०२४ च्या जानेवारींत, नातवाला बरोबर घेऊन, मी हरिपुराकडे संगमाच्या खालच्या अंगाला गेलों. पहिल्या दिवशीं कांहीं लागलें नाहीं. दोरी दोनदां बाभळींत अडकली आणि अर्ध्या तासांत हात भरून आला, तेव्हां घरीं परतलों. दुसऱ्या खेपेस ऊन कलतांना पाण्यावर बारीक पाखरें उतरूं लागलीं होतीं. माशी पडली, पाणी किंचित् फुगलें आणि दोरी ताठ झाली. त्याच क्षणीं माझी छाती धडधडूं लागली.

पांच वर्षें ज्या धडधडीला मी भीत आलों होतों, तीच ही. मीं दांडी उंच धरली, खालीं दगडावर बसलों आणि मनगटावर बोट ठेवलें. दुखत नव्हतें, घाम नव्हता. नातवानें घड्याळ पाहिलें. मिनिटाला शंभराच्या आंत ठोके होते. आनंदाचे ठोके आणि भीतीचे ठोके आंतून सारखेच लागतात, हें मला त्या दगडावर कळलें. दोन मिनिटांत ते उतरले. मासा अजून होता. तळहाताएवढी चिलापी निघाली. शेजारीं गांडूळ लावून बसलेल्या एका मुलाला ती दिली. त्यानें माझी माशी हातांत घेऊन उलटसुलट पाहिली आणि विचारलें, “आजोबा, हिला खरंच लागला?”

त्यानंतर फेब्रुवारींत एकदां वाईकडे जाऊन आलों. वीतभर लांबीचा एक खडस आला. हात ओले करून त्याला धरलें, कारण कोरड्या हातानें माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो व त्याला रोग जडतो. तोंड प्रवाहाकडे करून पाण्यांत धरल्यावर तो थोडा वेळ हातांतच राहिला, मग निघून गेला. पूर्वीं मी दिवसभर उभा राहत असें; आतां दोन तास पुरे होतात. पूर्वींइतकी दूर दोरी जात नाहीं, आणि ती जावी असा आग्रहही आतां उरलेला नाहीं.

श्रोतेहो, आपल्यापैकीं कोणाची तबल्याची जोडी असेल, कोणाची सायकल असेल, कोणाची खुरपी असेल. दुखण्याच्या दिवसांत ती माळ्यावर गेली असेल. ती खालीं काढण्यापूर्वीं डॉक्टरांना जरूर विचारावें. परंतु डॉक्टरांनीं होकार दिल्यावरही ती तेथेंच राहिली असेल, तर अडचण कोठें आहे हें एकदां स्वतःलाही विचारून पाहावें.