छापलं खरं, पण विकणार कोण?

पुस्तक छापण्यापेक्षा ते खपवणं अवघड, हे इटलीतल्या सुरुवातीच्या मुद्रकांना सात वर्षांतच कळून चुकलं. कॉनराड स्वाइनहाइम आणि आर्नोल्ड पान्नार्ट्झ या दोन जर्मनांनी १४६५ साली रोमजवळच्या सुबियाकोच्या मठात छापखाना थाटला आणि दोन वर्षांनी तो रोमला हलवला. सिसेरो, व्हर्जिल, लिव्ही असे एकाहून एक लॅटिन ग्रंथ त्यांनी काढले. बहुतेकांच्या प्रती अवघ्या २७५. तरीही १४७२ मध्ये पोपपुढे पदर पसरायची वेळ आली. अर्जात गाऱ्हाणं होतं, की घर छापील कागदांनी भरलंय, खायला मात्र काही नाही. एकाच शहरातले विद्वान असे किती ग्रंथ विकत घेणार?

व्हेनिसने हे गणित सोडवलं. तिथे १४६९ मध्ये योहान फॉन श्पायर या जर्मनाला छपाईचा पाच वर्षांचा मक्ता मिळाला होता. पण काही महिन्यांतच तो वारला, मक्ता संपला आणि धंदा सगळ्यांना खुला झाला. गार्डा सरोवराकाठच्या गिरण्यांतून कागद येई, भांडवल व्यापाऱ्यांकडे होतं आणि जहाजं तर दारातच उभी. पुस्तकं न बांधता, सुट्या फर्म्यांच्या रूपात पिंपांत भरून परगावी जात. बांधणी गिऱ्हाइकाने आपल्या ऐपतीप्रमाणे करून घ्यायची. शतक संपता संपता व्हेनिस युरोपातल्या छपाईची राजधानी झालं होतं.

तिथला सर्वांत नावाजलेला प्रकाशक म्हणजे आल्दुस मानुतियुस. तो हाडाचा ग्रीक भाषेचा पंडित. पण १४९८ मध्ये त्याने आपल्या ग्रीक पुस्तकांची किमतींसह छापील यादी काढली, यावरून त्याचं व्यवहारज्ञान दिसतं. १५०१ साली त्याने हातात मावेल असा छोटा व्हर्जिल काढला. त्यात टीका-टिप्पणीचा भार नव्हता, नुसती मूळ संहिता. त्यासाठी फ्रांचेस्को ग्रिफोने तिरपा टाइप कोरला. आज आपण त्याला ‘इटॅलिक’ म्हणतो. लगोलग फ्रान्समधल्या लियाँच्या छापखानेवाल्यांनी नकला बाजारात आणल्या. वैतागून आल्दुसने १५०३ मध्ये पत्रक काढलं आणि नकली प्रती ओळखता याव्यात म्हणून त्यांतल्या चुका एकेक करून दाखवल्या. लियाँकरांनी ते पत्रक समोर ठेवून आपल्या चुका दुरुस्त केल्या!

विक्रीची चिंता नसलेला छापखाना इटलीत होता तो रोममध्ये, चर्चच्या प्रोपागांदा फिदे या संस्थेचा. धर्मप्रसारासाठी तो जगभरच्या भाषा छापी. १७७८ साली तिथूनच पोर्तुगीज भाषेत लिहिलेलं मराठीचं व्याकरण बाहेर पडलं.

लेखकांना मात्र विक्रीची चिंता पुढेही सुटली नाही. इटली तेव्हा अनेक राज्यांत विभागलेली; एका राज्यात छापलेलं पुस्तक शेजारच्या राज्यात बिनदिक्कत चोरून छापलं जाई. आलेस्सांद्रो मांझोनीची ‘इ प्रोमेस्सी स्पोझी’ ही कादंबरी गाजली ती अशा चोरट्या आवृत्त्यांसकट. नक्कल करणंच परवडू नये म्हणून त्याने १८४० पासून पदरमोड करून चित्रांनी सजवलेली आवृत्ती हप्त्यांनी काढली आणि त्यातही हात पोळून घेतले. देश एक झाल्यावर १८६५ साली लेखकाच्या हक्काचा कायदा आला.

या सगळ्यात पुस्तक खेड्यापाड्यांत पोहोचवलं कोणी? उत्तरासाठी तोस्कानाच्या डोंगराळ कोपऱ्यातल्या मोंतेरेज्जो गावी जावं लागतं. जमीन खडकाळ, पोटापुरतंही पिकत नसे. तिथले पुरुष पाठीवर टोपली घेऊन घराबाहेर पडत आणि पंचांगं, गोष्टी, कादंबऱ्या विकत फिरत. पाठीवरून माल हातगाडीवर आला, हातगाडीवरून दुकानात. उत्तर इटलीतल्या कितीतरी शहरांत या कुटुंबांनी पुस्तकांची दुकानं थाटली. गावातल्या रस्त्यांना आणि चौकांना आज प्रकाशकांची नावं आहेत.

याच विक्रेत्यांनी बांकारेल्ला पुरस्कार सुरू केला. बांकारेल्ला म्हणजे फेरीवाल्याचं बाकडं. पुरस्काराला मतं टाकतात ते समीक्षक नव्हे, पुस्तकविक्रेते. १९५३ चा पहिला पुरस्कार त्यांनी हेमिंग्वेच्या ‘द ओल्ड मॅन अँड द सी’ला दिला, नोबेल त्याला पुढच्या वर्षी मिळालं. १९५८ मध्ये त्यांनी रशियन लेखक पास्तरनाकचं ‘डॉक्टर झिवागो’ निवडलं. सोव्हिएत रशियात अडवलेली ही कादंबरी मिलानच्या जांजाकोमो फेल्त्रिनेल्लीने नोव्हेंबर १९५७ मध्ये जगात सर्वप्रथम छापली होती, तीही इटालियन भाषांतरात. फेल्त्रिनेल्ली स्वतः कम्युनिस्ट. मॉस्कोचा आणि स्वतःच्या पक्षाचा दबाव झुगारून त्याने हे केलं.

१९६५ मध्ये मोंदादोरी या प्रकाशनसंस्थेने ‘ऑस्कर’ ही स्वस्त पुस्तकमाला थेट वर्तमानपत्रांच्या स्टॉलवर आणली. दर आठवड्याला नवं पुस्तक. सुरुवात पुन्हा हेमिंग्वेपासूनच.

छपाईची कला इटलीला जर्मनांनी दिली. पण छापलेल्या पुस्तकाला गिऱ्हाईक मिळवून देण्याची कला इटलीने स्वतः घडवली, आणि त्या कामात मोंतेरेज्जोच्या टोपलीवाल्यांचा मान आल्दुसच्या बरोबरीचा आहे.