बंद पेटीपासून उघड्या झाकणापर्यंत

अकराव्या शतकात आयर्लंडमध्ये पोथीसाठी पेटी घडवत, ती उघडण्यासाठी नव्हेच. ओडॉनेल घराण्याकडची कॅथाख घ्या. स्तोत्रांची ही पोथी संत कोलंबाच्या हातची मानली जाई. १०६२ ते १०९८च्या दरम्यान केल्सच्या कारागिरांनी तिच्यासाठी लाकडी पेटी केली, वर ब्राँझ आणि चांदीचे पत्रे मढवले. लढाईआधी ही पेटी गळ्यात अडकवून सैन्याला उजवी घालत तीन फेऱ्या मारायची रीत होती. आतली अक्षरं वाचायची कुणाला गरज वाटत नसे. पोथी सोबत असली की कुळाला बळ येई. या न वाचण्याची किंमत पोथीनं मोजली. १८१३ साली विल्यम बेथम यांनी पेटी उघडली, तेव्हा पानांचा एकमेकांना चिकटून गठ्ठा झाला होता. आज त्यातली ५८ पानं हाती आहेत.

पुढं तेराव्या शतकापासून प्रहराप्रहराच्या प्रार्थनांची छोटी पुस्तकं गृहस्थांच्या घरी आली. प्रार्थना आता एकट्यानं, आपल्या सवडीनं करता येऊ लागली. पेट्याही बदलल्या.

तो बदल सर्वांत स्पष्ट दिसतो पॅरिसमध्ये, १५००च्या आगेमागे. जेमतेम फूटभर लांबीची लाकडी पेटी, वरून चामडं, त्यावर लोखंडी पट्ट्या, भक्कम कुलूप. कडेला पट्टा ओवायच्या कड्या, आत बहुधा लाल कापडाचं अस्तर. झाकण उचललं की त्याच्या आतल्या बाजूला चिकटवलेलं चित्र समोर येतं: क्रूसावरचा येशू, मेरी किंवा एखादा संत. लाकडी ठशानं छापलेलं, कातरलेल्या साच्यातून रंगवलेलं. काहींच्या झाकणात चोरकप्पाही असतो. प्रवासात कुठंही पेटी उघडावी, की देवघर मांडलेलं! मला यातलं हे उघडणंच फार मोलाचं वाटतं. छपाईमुळं चित्र स्वस्त झालं होतं, म्हणून हे शक्य झालं.

आत नेमकं काय ठेवत, यावर अभ्यासकांचं एकमत नाही: पुस्तक, कागदपत्रं की मौल्यवान वस्तू. चामडं, लोखंडी पट्ट्या आणि कड्या प्रवासासाठीच, पण झाकणातलं चित्र प्रार्थनेशिवाय कशासाठी असेल? अशा शंभराहून अधिक पेट्या आज माहीत आहेत. ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयातही एक आहे. त्या काळची सुटी छापील चित्रं भिंतींवर फाटून, धुरकटून गेली. यातली काही मात्र झाकणाच्या आत ऊन-वाऱ्यापासून वाचली, आणि पंधराव्या शतकातल्या पॅरिसच्या छपाईचा अभ्यास करणाऱ्यांना आज ती तिथंच सापडतात.