मोटारीचा वायरलेस डबा घेताय? आत कितीचं मॉड्यूल आहे ते आधी विचारा

रात्री बाराला थ्री फेज येते आणि बॅटरी घेऊन विहिरीवर पळावं लागतं. हे दुखणं आपल्याकडं कुणालाच नवीन नाही. म्हणून तर मोटारीचा वायरलेस रिमोट, टाकी भरली की मोटार बंद करणारा डबा, ओलाव्याचे सेन्सर असं बरंच काही शेतात आलंय. या प्रत्येक डब्यात एक छोटं रेडिओ मॉड्यूल असतं. आपण वायरी बघतो, गॅरंटी विचारतो, त्या मॉड्यूलचं मात्र कुणी विचारत नाही.

मीही विचारलं नव्हतं. विहीर ते शेततळं सहाशे मीटर, म्हणून ऑनलाईन डब्यांची एक जोडी मागवली. स्वस्त होती आणि चाललीही. पुढं पावसात एक डबा बंद पडला. दुरुस्तीवाल्या पोरानं उघडून आतलं ९१५ दाखवलं. म्हणाला, "काका, हे अमेरिकेच्या हिशोबाचं आहे. आपल्याकडं चालवायचं नसतं."

भानगड अशी आहे. रेडिओ लहरींचे पट्टे प्रत्येक देशानं वाटून दिलेत. अमेरिकेत ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झ अशा यंत्रांना मोकळा आहे. आपल्याकडं ८९० ते ९१५ या पट्ट्यात मोबाईलचा आवाज टॉवरकडं जातो. म्हणजे टॉवर तिथं कान लावून बसलेला असतो आणि आपला डबा नेमका तिथंच ओरडतो. आपली मोटार झकास चालू होते. फोन लागत नाही तो वस्तीवरच्या दुसऱ्या कुणाचा, आणि कारण कुणालाच कळत नाही.

भारतात विनापरवाना वापरायला ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ हा पट्टा आहे. वायफाय, ब्लूटूथसाठी २४०० ते २४८३.५ आहे. पण डब्यावर ८६८ बघून लगेच हुरळून जाऊ नका. युरोपसाठी बनलेली बरीच मॉड्यूलं ८६८.१, ८६८.३, ८६८.५ वर बोलतात, म्हणजे आपला बांध संपल्यावर पलीकडं. इथल्यासाठी ८६५ ते ८६७ वर लावलेलं आहे का, असं स्पष्ट विचारा.

विनापरवाना म्हणजे कसंही वापरा असं नाही. ताकदीला मर्यादा आहे. शिवाय अशा यंत्राला दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची ईटीए नावाची मंजुरी लागते. लॅबमधल्या तपासणीच्या अहवालावर ती मिळते. घ्यायची ती कंपनीनं किंवा माल आणणाऱ्यानं. शेतकऱ्यानं कुठं हेलपाटे घालायचे नाहीत. आपण फक्त तिची प्रत मागायची. खोक्यावर एफसीसी किंवा सीई छापलंय म्हणून दुकानदार बोट दाखवेल. पहिलं अमेरिकेचं, दुसरं युरोपचं. त्यानं इथली मंजुरी होत नाही.

रेंज वाढावी म्हणून काहीजण मूळ अँटेना काढून मोठ्या ताकदीचा लावतात. मॉड्यूल तपासलेलं असतं ते ठराविक अँटेनासकट. तो बदलला की बाहेर पडणारी ताकद बदलते आणि तपासणीच्या कागदाचा उपयोग राहत नाही.

सिमकार्डवरच्या मोबाईल स्टार्टरचं थोडं वेगळं आहे. त्यातल्या मॉड्यूलला फोनसारखाच १५ आकडी आयएमईआय असतो, बहुतेक वेळा स्टिकरवर. इंग्रजीत केवायएम लिहून, एक जागा सोडून तो नंबर टाका आणि १४४२२ वर एसएमएस करा. संचार साथी ॲपवरही बघता येतं. नंबर खोडलेला दिसला तर तो डबा घेऊच नका. आयएमईआयमध्ये फेरफार करण्याला २०२३ च्या दूरसंचार कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड आहे. जाता जाता, स्टार्टर टूजीचा असेल तर जिओचं सिम घालून वाट बघू नका. त्यांच्याकडं टूजीच नाही.

आणि घरावर लावायचा तो नेटवर्क बूस्टर. त्याच्यावर काहीही छापलेलं असू दे, तो मोबाईल कंपन्यांशिवाय कुणी लावणं बेकायदेशीर आहे. एका घराला दांड्या मिळतात आणि टॉवरवर गोंगाट होऊन आजूबाजूच्या घरांचं नेटवर्क बिघडतं.

माझी ९१५ ची जोडी आता माळ्यावर पडली आहे. नवी घेताना दुकानदाराला ईटीए म्हणजे काय ते मलाच सांगावं लागलं. चार दिवसांनी त्यानं कंपनीकडून प्रत मागवून दिली. मॉडेल नंबर बिलावर लिहून घेतला, आणि डब्यावरच्या मॉडेलशी जुळवून मगच पैसे दिले.