बाळ रडणे थांबवत नाही तेव्हा

बाळ रडू लागले की त्याला कसे शांत करावे, हे प्रत्येक घरात कोणी ना कोणी सांगते. सर्व उपाय करूनही ते शांत झाले नाही तर सांभाळणाऱ्याने काय करावे, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. शेकन बेबी सिंड्रोम, म्हणजे बाळाला धरून जोराने हलवल्यामुळे मेंदूला होणारी गंभीर इजा, पुष्कळदा याच वेळी घडते. हलवणारी व्यक्ती अनेकदा बाळावर माया करणारीच असते. त्या घटकेला ती थकलेली, एकटी आणि अगतिक असते.

तान्ह्या बाळाचे डोके त्याच्या लांबीच्या जवळजवळ एक चतुर्थांश असते आणि मान अजून बळकट झालेली नसते. दंड किंवा छाती धरून हलवले की डोके पुढेमागे झटकले जाते, मेंदू कवटीच्या आत हिंदकळतो, त्यावरील बारीक रक्तवाहिन्या तुटतात आणि डोळ्यांच्या पडद्यातही रक्तस्राव होऊ शकतो. त्यास काही सेकंद पुरतात. अंधत्व, झटके, कायमचे अपंगत्व किंवा मृत्यू हे त्याचे परिणाम आहेत. अंगावर मात्र अनेकदा एकही खूण दिसत नाही. ब्रिटिश न्यूरोसर्जन नॉर्मन गथकेल्च यांनी 1971 मध्ये या इजेचा संबंध हलवण्याशी जोडला. धोका एक वर्षाखालील बाळांना सर्वाधिक असला, तरी मोठ्या बाळांनाही तो असतो.

येथे एक शंका दूर करणे आवश्यक आहे. झोळीचे हलके झोके, मांडीवर खेळवणे किंवा खड्ड्यांच्या रस्त्यावरून एसटीचा प्रवास यांमुळे ही इजा होत नाही. आजीने झोळी बंद करू नये.

कर्नाटकात म्हैसूर जिल्ह्याच्या एच. डी. कोटे तालुक्यात जंगलालगतच्या आदिवासी वस्त्यांमधील अनेक कुटुंबे कोडगूच्या कॉफी मळ्यांत मजुरीसाठी जातात. आईवडील कामावर असताना लहान मूल आजीकडे किंवा शाळकरी बहिणीकडे राहते. ऊसतोडीच्या हंगामात महाराष्ट्रातील कितीतरी घरांत हेच घडते. रोजगार हमीच्या कामावर जाणाऱ्या मातांच्या मुलांसाठी कर्नाटक शासनाने 2023 मध्ये ग्रामपंचायतींत 4000 पाळणाघरे जाहीर केली. त्यांचे नाव ‘कूसिन मने’, म्हणजे बाळाचे घर. तेथे मुले सांभाळणाऱ्या स्त्रिया गावातल्याच असतात. त्यांच्या प्रशिक्षणात आहार आणि स्वच्छतेइतकेच स्थान रडण्याला मिळावयास हवे, आणि हाच पाठ शाळेतील मुलामुलींनाही द्यावयास हवा.

पाळणाघरात काय घडू शकते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. नोव्हेंबर 2016 मध्ये नवी मुंबईतील खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या मुलीला आया मारत असल्याचे सीसीटीव्ही चित्रीकरणातून उघडकीस आले. त्यानंतर चर्चा प्रामुख्याने कॅमेऱ्यांची झाली. कॅमेरे असावेत, परंतु एका बाईकडे किती मुले आहेत आणि तिला मध्ये विसावा मिळतो का, हेही पालकांनी विचारावे.

शिकवताना प्रथम सांगावे की निरोगी बाळही पुष्कळ रडते. जन्मानंतर दोन आठवड्यांपासून रडणे वाढू लागते, दुसऱ्या महिन्यात ते सर्वाधिक असते आणि चौथ्या-पाचव्या महिन्यापर्यंत कमी होते. संध्याकाळी ते अधिक असते. सांभाळणाऱ्याचे काही चुकले म्हणून ते रडते असे नाही. भूक, ओले लंगोट, ताप, अंगाला टोचणारे काही, हे पाहावे. छातीशी धरून फिरवावे. झोपवण्यासाठी अफू किंवा खोकल्याचे औषध कदापि देऊ नये. एवढे करूनही आपला संयम सुटत आहे असे वाटले, तर बाळाला सतरंजीवर किंवा पाळण्यात पाठीवर निजवावे आणि दाराबाहेर यावे. तोंडावर पाणी मारावे, कोणाला तरी हाक मारावी, पाच-दहा मिनिटांनी परत जाऊन पाहावे. तेवढा वेळ रडल्याने निरोगी बाळाला इजा होत नाही. पाळणाघरात सोबतिणीला “आता तू घे” असे म्हणण्यात कमीपणा नाही. शाळकरी बहिणीला मात्र हाक मारण्यासाठी शेजारची एक मोठी बाई आधीच ठरवून द्यावी.

अशा शिकवणुकीचा उपयोग होतो का? अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम भागात प्रसूतीनंतर रुग्णालयातच परिचारिका आईवडिलांना हे समजावून सांगत. 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार तेथे अशा इजांचे प्रमाण 47 टक्क्यांनी घटले. पुढे पेनसिल्व्हेनियात तोच प्रयोग मोठ्या प्रमाणावर झाला, तेव्हा तशी घट आढळली नाही. म्हणून हे पत्रक वाचून दाखवणे पुरेसे मानू नये. बाहुली हातात देऊन ती खाली ठेवण्याचा आणि बाहेर येण्याचा सराव करून घ्यावा, आणि दमलेल्या बाईच्या हातून बाळ घेणारे माणूस खरोखर उपलब्ध असावे.

बाळ सुस्त पडले, दूध ओढेनासे झाले, वारंवार उलटी झाली, टाळू फुगली, झटके आले किंवा श्वास अडखळू लागला, तर 108 वर दूरध्वनी करून तात्काळ रुग्णालयात न्यावे. “झोपले आहे, उठेल” म्हणून थांबू नये. एच. डी. कोट्याहून म्हैसूरची मोठी रुग्णालये सुमारे पन्नास किलोमीटर दूर आहेत, त्यामुळे विलंब अधिकच घातक ठरतो. बाळाला हलवले गेले असेल, किंवा तशी शंका असेल, तर डॉक्टरांना ते स्पष्ट सांगावे. “पडले” असे सांगितल्यास तपासणीची दिशा चुकू शकते. कोणत्या वेळी, कोणाजवळ असताना आणि त्यानंतर बाळ कसे वागले, एवढे सांगितले तरी उपचारास मोठी मदत होते.