पर्णरंध्रं: टोचलेली नव्हेत, आखलेली

तेंदूपत्त्यावर उठलेल्या बारीक गाठी म्हणजेच पानाची छिद्रं, असा एक समज आहे. त्या गाठी किडीमुळे येतात. खरी पर्णरंध्रं नुसत्या डोळ्यांना दिसतच नाहीत. धानाच्या पानावरचं रंध्र असतं मिलिमीटरच्या सुमारे पन्नासाव्या भागाएवढं.

ती पानभर कशीही विखुरलेली असतात, हा दुसरा गैरसमज. बांधीतलं एक पातं तोडा, रंगहीन नेलपॉलिशचा पातळ थर द्या, वाळल्यावर पारदर्शक चिकटपट्टीने तो सोलून शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवा. शिरांना समांतर रांगा दिसतील. त्या आखल्या जातात पातं पोग्यात असतानाच. रांगेतली पेशी असमान दुभंगते. धाकटा तुकडा रंध्रासाठी, थोरला साधी पेशी म्हणून मध्ये उरतो. अंतर तिथेच ठरतं. मग धाकटीच्या दोन्ही बाजूंना एकेक साहाय्यक पेशी तयार होते. शेवटी धाकटी उभी विभागून दोन रक्षक पेशी होतात आणि त्यांच्यामधल्या भिंतीत फट पडते. तेच रंध्र.

तेंदू-पळसाच्या रुंद पानात अशा रांगा नसतात, म्हणून सगळा पसारा वाटतो. पण तिथेही दोन रंध्रांमध्ये सहसा निदान एक साधी पेशी असतेच. मोहरीच्या कुळातल्या अ‍ॅराबिडॉप्सिस या रोपट्यात यामागची युक्ती सापडली. रंध्राच्या वाटेवरची पेशी ईपीएफ गटातली प्रथिनं बाहेर सोडते. तो निरोप मिळालेल्या शेजारणी रंध्र होण्याचं टाळतात. निरोप ओळखायला लागणारं टीएमएम जनुक बिघडलं, तर पानावर रंध्रं एकमेकांना खेटून उगवतात. रक्षक पेशी फुगून-आकसून रंध्र उघडतात, मिटतात. त्यासाठी शेजारच्या साध्या पेशींशी पाणी आणि पोटॅशियमची देवघेव लागते. अंतराची गरज ती हीच.

‘रंध्रं पानाच्या खालीच असतात’ हे अर्धसत्य. धानाला ती दोन्ही बाजूंना असतात, तर तलावातल्या कमळाच्या पानाला वरच्या, हवेकडच्या बाजूला. उन्हाच्या तडाख्यात पूर्ण वाढलेल्या पानावरची रंध्रं मिटतात, त्यांची संख्या मात्र घटत नाही.

राहिला प्रश्न ‘जितकी रंध्रं जास्त, तितकं पीक जास्त’ याचा. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात आयआर 64 या भाताच्या वाणात ईपीएफ1 वाढवून रंध्रं कमी केली. रोपांना पाणी कमी लागलं, दुष्काळात ती जास्त तगली आणि उत्पन्न बरोबरीचं, काही वेळा सरसही आलं. मात्र ही प्रयोगातली रोपं आहेत. ‘कमी रंध्रांचं बियाणं’ म्हणून कुणी पिशवी दाखवली, तर पैसे मोजू नका.