दूरदर्शनवरचा मोगली आणि पडद्यावरचा मोगली

रविवारी सकाळी दूरदर्शनवर 'जंगल बुक' पाहिलेल्यांनी हात वर करा! ती मालिका मूळची जपानी, हे तेव्हा कुणाच्या गावीही नव्हतं. निप्पॉन ॲनिमेशननं १९८९ मध्ये ५२ भागांत ती काढली. आपल्यासाठी शीर्षकगीत गुलजारांनी लिहिलं, चाल विशाल भारद्वाजची.

मग २०१६ मध्ये डिस्नेचा चित्रपट आला, दिग्दर्शक जॉन फेवरो. भारतात तर तो अमेरिकेच्या आठवडाभर आधी, ८ एप्रिललाच लागला. त्यातलं घनदाट जंगल पाहून थक्क व्हायला होतं, पण शूटिंग झालं लॉस एंजेलिसमधल्या स्टुडिओत! झाडं, नद्या, प्राणी जवळजवळ सगळं संगणकावरचं. खराखुरा फक्त नील सेठी, म्हणजे मोगली. त्या पोराला समोर बघायला कुणीतरी हवं म्हणून जिम हेन्सनच्या कार्यशाळेतल्या बाहुल्या सेटवर ठेवल्या होत्या. नुसत्या हवेशी बोलायचं म्हणजे मोठ्यांचीही भंबेरी उडते, हा तर लहान मुलगा. संगणकावरच्या या सगळ्या कामाला व्हिज्युअल इफेक्ट्सचं ऑस्कर मिळालं, आणि ते रास्तच होतं.

हिंदी डबिंगमध्ये बल्लू इरफान खान, बघीरा ओम पुरी, का प्रियांका चोप्रा. आणि शेरखान? मालिकेतलेच आपले नाना पाटेकर! ती गुरगुर ऐकली की अंगावर काटा येतोच. इंग्रजीत इद्रिस एल्बा आहे, उत्तमच आहे, पण माझं मत नानांना.

पहिल्यांदाच बघणार असाल तर हिंदीतूनच बघा.