पंप पाठीवर घेण्याआधी चतुर ओळखा

मागच्या दसऱ्याच्या सुमारास, गरव्या भाताची पोटरी फुटत असताना, आचऱ्याजवळच्या एका शेतकऱ्याने मला मेरेवरच गाठले. पंप भरून पाठीवर घेतलेला. म्हणाला, "साहेब, कुणग्यार पिवळे किडे इलेत. भात खातले. काय मारू?"

वर पाहिले तर शेकडो चतुर घिरट्या घालत होते. चतुर भाताचे पानही खात नाही. तो तुडतुडे, खोडकिडीचे पतंग, डास असे उडते किडे पकडून खातो. त्याची पिल्ले पाण्यात वाढतात आणि डासांच्या अळ्या फस्त करतात. आम्ही दहा-बारा चूड बाजूला सारून बुंधे पाहिले. चुडाला तीन-चारच तुडतुडे सापडले. पंप परत घरी गेला. फवारा पडला असता तर तुडतुड्यांचे शत्रू आधी मेले असते, आणि मागाहून तुडतुडे उलट वाढले असते.

म्हणून ओळख हवी. पण नुसत्या रंगावर जाल तर फसाल.

आधी हे पाहा : बसल्यावर पंख आडवे पसरलेले आणि डोळे मोठाले, बहुधा एकमेकांना भिडलेले असतील तर तो चतुर. अंग काडीसारखे, डोळे दोन बाजूंना आणि पंख बहुधा पाठीवर मिटलेले असतील तर ती टाचणी. टाचणी भाताच्या चुडांतून खालून फिरते व तुडतुडे टिपते.

पिवळे : थव्याने येणारा सोनेरी चतुर बसताना काडीला लोंबकळतो. त्याचे पंख स्वच्छ असतात. तसाच दिसणारा दुसरा चतुर काडीच्या टोकावर आडवा बसतो. त्याच्या मागच्या पंखाच्या मुळाशी गर्द तांबूस-तपकिरी डाग असतो. पहिला मोठा प्रवासी आहे. तो भारतातून मालदीवमार्गे समुद्र ओलांडून पूर्व आफ्रिकेकडे जातो, असे मालदीवमधील शास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांनी २००९ साली मांडले.

लाल : दोन नर सारखेच वाटतात. एक रक्तासारखा लाल, त्याच्या पोटाच्या पाठीवर शेपटीपर्यंत बारीक काळी रेघ. दुसऱ्यात गुलाबी-किरमिजी झाक, पंखांच्या शिराही लालसर. पंखांच्या मुळाशी मधाच्या रंगाचा डाग दोघांनाही असतो, त्यावर जाऊ नका. माद्या दोघांच्याही पिवळट असतात.

हिरवे-काळे : कंबर बारीक, पोटाची सुरुवात फुगीर आणि अंगाने मोठा असेल तो दांडगा शिकारी. तो दुसऱ्या चतुरांनाही खातो. मेरेच्या मातीवर बसणारा लहान चतुर वेगळा. त्याचा नर वयात आला की निळसर होतो, त्यामुळे एकाच जातीचे दोन रंग दिसतात.

आता आपल्या जिल्ह्याची गोष्ट. तळ्याकाठी पिवळ्या पोटाची टाचणी सगळ्यांनी पाहिली असेल. तिच्या नराची छाती हिरवट शेवाळी असते. देवगड तालुक्यातल्या विमलेश्वर येथे तशीच पिवळी, पण छातीही पिवळीधमक असलेली टाचणी आढळली. शंतनू जोशी व दत्तप्रसाद सावंत यांनी २०१९ साली ती नवी जात म्हणून जगापुढे मांडली. शास्त्रीय नाव सेरिऍग्रियॉन क्रोमोथोरॅक्स. पुढे २०२२ साली आंबोलीजवळच्या चौकुळ गावाच्या नावाने एका चतुराचे नामकरण झाले. दुरून सारखे दिसणारे प्राणी जवळून पाहिले, म्हणूनच हे कळले.

ग्रामपंचायतीच्या मंडळींनाही एक सांगणे आहे. जैवविविधता कायदा, २००२ नुसार गावची लोकजैवविविधता नोंदवही करायची असते. त्यात 'चतुर, पिवळा' एवढेच लिहून भागत नाही. छातीचा रंग, पंखावरचा डाग, बसण्याची तऱ्हा, जागा आणि तारीख लिहा. मोबाइलवर वरून एक व बाजूने एक फोटो काढा. पाणथळ जागेत भराव घालण्याआधी ती वही उघडा. एकदा व्हाळ बुजला की पाण्यातली पिल्ले गेली, आणि फुकटचा राखणदारही गेला.

शेतकऱ्यांनी फवारणीआधी चुडाचे बुंधे मोजावेत. सरासरी दहाच्या आसपास तुडतुडे भरले तरच औषधाचा विचार करावा, आणि तोही सहायक कृषी अधिकाऱ्याला विचारून. वर चतुर फिरत असतील तर पंप खाली ठेवा, आधी वाकून बघा.